'रुडिमेंट' या संज्ञेसाठी मराठीत एकच प्रतिशब्द ठेवावा का?

भाषांतरकार_सोलापूर (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी जीवशास्त्राच्या इंग्रजी पाठ्यसाहित्याचे मराठी रूपांतर करण्याचे काम सध्या आम्ही सोलापुरातील काही जण मिळून करीत आहोत. एका इंग्रजी संज्ञेला सर्वत्र एकच मराठी शब्द वापरायचा, म्हणजे विद्यार्थ्यांचा गोंधळ होणार नाही, असा नियम गटाने आरंभीच ठरवला आहे. बहुतेक संज्ञांच्या बाबतीत त्याचा फायदा झाला. 'रुडिमेंट' या शब्दापाशी मात्र गाडे अडले आहे.

पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकात हा शब्द अनेकवचनात येतो आणि तेथे विषयाच्या प्रारंभिक गोष्टी असा अर्थ सरळ लागतो. पुढे कोंबडीच्या गर्भाचे वर्णन करताना ज्या उंचवट्यापासून पुढे पंख तयार होणार आहे त्यालाही हाच शब्द योजलेला आहे. उत्क्रांतीच्या प्रकरणात देवमाशाच्या शरीरात दडलेल्या, मागील पायांच्या उरल्यासुरल्या हाडांसाठी तो पुन्हा येतो आणि वनस्पतिशास्त्राच्या भागात डाळिंबाच्या नर फुलातील स्त्रीकेसराला त्याच शब्दाचे विशेषण लावलेले आहे. शिवाय एके ठिकाणी 'रुडिमेंटरी' ज्ञान असा प्रयोग आहे, तो वेगळाच.

गटातील बहुमत 'अविकसित' या शब्दाकडे झुकलेले आहे. देवमाशाच्या हाडांना 'अविकसित' म्हटले की ती अजून विकसित व्हायची आहेत असा भास होतो, असे माझे म्हणणे आहे, पण ते कोणी फारसे मनावर घेत नाही. या शब्दाचा मूळ अर्थ काय, त्याच्या एवढ्या छटा कशा झाल्या आणि मराठीत त्या कशा सांभाळाव्यात, याविषयी मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन. डाळिंबाच्या फुलाबद्दल आपल्या जिल्ह्यातील बागायतदार कोणते शब्द वापरतात हेही कोणी सांगितले, तर मजकूर विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या भाषेत लिहिता येईल.

व्युत्पत्तीप्रेमी

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. 'रुडिस' म्हणजे कच्चा, न घडवलेला, न शिकलेला. त्यापासून 'रुडिमेंटुम' झाला आणि त्याचा अर्थ पहिला प्रयत्न, पहिले शिक्षण असा होता. रणांगणावर नव्याने उतरणाऱ्या सैनिकाच्या उमेदवारीलाही तो लावला जाई. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला. उद्धट या अर्थाचा 'रूड' आणि विद्वान या अर्थाचा 'एरुडाइट' हे दोन्ही शब्द याच मुळाचे आहेत, ही गंमत येथे सांगण्यासारखी आहे, कारण 'एरुडाइट' म्हणजे ज्याच्यातील कच्चेपणा काढून टाकलेला आहे असा मनुष्य. तेव्हा अर्थाच्या तळाशी 'आरंभ' किंवा 'अवशेष' यांपैकी काहीच नाही. तेथे केवळ कच्चेपणा आहे. हा कच्चेपणा विद्यार्थ्याचा असेल तर प्राथमिक धडे हा अर्थ निघतो आणि अवयवाचा असेल तर अपुरी वाढ हा अर्थ निघतो.

इंग्रजीत एक सोयीची खूण आहे. शब्द अनेकवचनी असेल, तर बोलणे बहुधा एखाद्या विषयाच्या किंवा कलेच्या पहिल्या पाठांविषयी असते. जीवशास्त्रात तो एकवचनी आला, तर एखाद्या अवयवाविषयी असते. विशेषण मात्र दोन्हीकडे चालते आणि त्यात थोडा कमीपणाही मिसळतो. तुमच्या मजकुरातील त्या ज्ञानाला मी बिनदिक्कत 'जुजबी ज्ञान' म्हणेन. तेथे 'प्राथमिक' हा शब्द टाळावा. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांतील 'प्राथमिक' हा पहिल्या पायरीचा दर्शक आहे, त्यात तुटपुंजेपणाची छटा नाही. आणि आषाढी वारीत पालखीतळावर प्राथमिक सोयी होत्या असे म्हटले, तर त्या पुरेशा होत्या असाच अर्थ आपण घेतो. त्या जेमतेम होत्या असे सांगायचे असेल, तर 'जेमतेम' हाच शब्द लिहिला पाहिजे.

शीर्षकाविषयी एक आग्रहाची सूचना आहे. 'मूलतत्त्वे' हा शब्द रुबाबदार आहे म्हणून आपण तो सर्रास वापरतो, पण मूलतत्त्व म्हणजे ज्याच्या आधारावर सगळा विषय उभा असतो ते. भूमितीत बिंदू, रेषा आणि गृहीतके ही मूलतत्त्वे होत. पट्टी आणि कंपास हाती धरून पहिली आकृती काढायला शिकणे ही भूमितीची 'रुडिमेंट्स' होत. विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा जे येते आणि विषयाच्या मुळाशी जे असते, त्या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही. मराठीत या पहिल्या अर्थासाठी उत्तम शब्द पूर्वीपासून आहेत. 'ॐ नमः सिद्धम्' या वाक्याने अक्षरओळख सुरू होत असे, त्यावरून 'ओनामा' आला. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवली जात, त्यावरून 'धुळाक्षरे' आला. 'श्रीगणेशा' मात्र जपून वापरावा, कारण त्यातून सुरुवात करण्याची क्रिया कळते, काय शिकवले ते कळत नाही. पाठ्यपुस्तकाच्या शीर्षकाला 'ओनामा' थोडा लडिवाळ वाटेल, हे मान्य आहे; तेथे 'प्राथमिक धडे' ठेवावे आणि प्रस्तावनेत एखाद्या वाक्यात 'ओनामा' येऊ द्यावा.

प्राणिशास्त्र_निवृत्त

वरील व्युत्पत्ती उपयुक्त आहे, परंतु जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याहून निराळी एक गोष्ट समजली पाहिजे, आणि 'अविकसित' हा शब्द नेमकी तीच झाकून टाकतो. जीवशास्त्रात हा शब्द परस्परविरुद्ध दिशांना तोंड असलेल्या दोन गोष्टींना लावला जातो. एक गोष्ट अजून व्हायची आहे, तर दुसरी केव्हाच होऊन गेलेली आहे.

गर्भविज्ञानात तो पहिल्या अर्थाने येतो. कोंबडीचे अंडे उबवायला ठेवल्यानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या कडेला बारीक उंचवटे दिसू लागतात. त्यांपैकी पुढच्या जोडीपासून पंख होतात आणि मागच्या जोडीपासून पाय. मानवी गर्भात असेच उंचवटे चौथ्या आठवड्याच्या अखेरीस येतात. त्या वेळी तेथे हाड नसते, बोटे नसतात, पण त्या पेशींची वाटचाल ठरलेली असते. अशा रचनेला मराठीत 'अंकुर' म्हणणे सर्वांत योग्य आहे: पंखाचा अंकुर, पायाचा अंकुर, दाताचा अंकुर. शब्द परिचित आहे, त्याचा रोख भविष्याकडे आहे आणि तो परिभाषेतही नीट बसतो.

दुसरा अर्थ उत्क्रांतीचा. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा अवयवांची स्वतंत्र चर्चा केली आहे आणि त्यांनी दिलेले एक उदाहरण आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याला पटकन समजेल. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या जनावरांच्या बाजारात वय ओळखण्यासाठी बैल दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला (सर्व दात आलेला) आहे हे पाहताना फक्त खालचे पुढचे दात मोजले जातात, कारण गोवंशाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. तरीही वासराच्या गर्भात वरच्या पुढच्या दातांची सुरुवात होते आणि ते दात हिरडी फोडून कधीच बाहेर येत नाहीत, याकडे डार्विन यांनी लक्ष वेधले. न वापरायचे दात मुळात तयार तरी का व्हावेत, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे की, हे जनावर ज्या पूर्वजांपासून आले त्यांना ते दात होते.

याच चर्चेत डार्विन यांनी अशा अवयवांची तुलना शब्दाच्या लेखनात टिकून राहिलेल्या, पण उच्चारातून गेलेल्या अक्षरांशी केली आहे. ती अक्षरे बोलताना निरुपयोगी असली, तरी शब्दाचे कूळ सांगतात. त्यांच्यासमोर इंग्रजी लेखन होते. मराठीत याहून सुरेख उदाहरण आहे. जुन्या पुस्तकांत 'दांत', 'पांच', 'कांटा' असे अनुस्वार देऊन लिहिलेले आढळते. बहुतेक लिहिणाऱ्यांच्या बोलण्यातून तो नासिक्य उच्चार निघून गेलेला होता, पण लेखनात ठिपका उरला होता आणि तो संस्कृतातील 'दन्त', 'पञ्च', 'कण्टक' यांमधल्या अनुनासिकाची साक्ष देत होता. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. कोकणातील काही बोलींत हा नासिक्य उच्चार आजही ऐकू येतो, म्हणजे एका शाखेत जे नुसते चिन्ह उरले होते, ते दुसऱ्या शाखेत जिवंत आहे. प्राण्यांमध्येही हेच घडते: देवमाशाची मागील पायांची हाडे आत दडलेली आणि खुजी आहेत, तर त्याचा दूरचा नातलग असलेला पाणघोडा चार पायांवर चालतो. हा परिच्छेद वर्गात वाचून दाखवावा, असे मी सुचवेन.

या दुसऱ्या अर्थासाठी 'अवशेषांग' हा शब्द शालेय पुस्तकांतून विद्यार्थ्यांच्या ओळखीचा झालेला आहे, तोच ठेवावा. मात्र अवशेषांग म्हणजे निरुपयोगी अवयव ही समजूत तेवढी दुरुस्त करावी. माकडहाडाला श्रोणितळाचे (ओटीपोटाच्या तळाचे) स्नायू आणि अस्थिबंध जोडलेले असतात, आंत्रपुच्छात (अपेंडिक्समध्ये) रोगप्रतिकाराशी संबंधित ऊती असते आणि देवमाशाच्या त्या हाडांना जननेंद्रियांचे स्नायू जोडलेले असतात. अवयवाचे मूळ काम गेलेले असते, म्हणून त्याला दुसरे काम नसतेच असे नव्हे. १८९३ मध्ये रॉबर्ट वीडर्सहाइम यांनी मानवी शरीरातील अशा ८६ रचनांची यादी केली होती आणि तिच्यातील कित्येकांचे कार्य नंतर स्पष्ट झाले. विद्यार्थ्यांना स्वतः पाहता येण्यासारखे उदाहरण हवे असल्यास अंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवून मनगट किंचित आत वळवायला सांगावे: बहुतेकांच्या मनगटाच्या मध्यभागी एक दोरीसारखी शीर वर येईल, काहींच्या एकाच हातावर येईल आणि काहींच्या दोन्ही हातांवर येणार नाही. ती एका लांब, बारीक स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आहे आणि तो स्नायू नसला, तरी हाताच्या पकडीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

सांगोल्याचा_बागायतदार

डाळिंबाविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे फुलाला नर फूल आणि मादी फूल, किंवा कळी असतानाच नर कळी आणि मादी कळी असे म्हणतात. ही नावे व्यवहारापुरती बरोबर आहेत, पण पाठ्यपुस्तकात ती तशीच घेतल्यास चूक होईल, कारण आम्ही जिला मादी कळी म्हणतो तिच्यात पुंकेसरही चांगले भरलेले असतात. शास्त्राच्या भाषेत ती उभयलिंगी आहे. फळ धरते म्हणून ती मादी, एवढाच आमचा हिशोब.

दोन्हींतील फरक देठाजवळ पाहिला की कळतो. मादी कळीचा बुडखा फुगीर असतो, कारण आत बीजांडकोश भरलेला असतो. नर कळी बुडाशी निमुळती असून घंटेच्या आकाराची दिसते. दोन्ही उभ्या चिरल्या तर शंका उरत नाही. मादी कळीत स्त्रीकेसर लांब असून त्याचे टोक पुंकेसरांच्या बरोबरीला किंवा त्यांच्या वर येते. नर कळीत स्त्रीकेसर असतो, पण आखूड असतो आणि पुंकेसरांच्या गर्दीत खाली दडलेला असतो. शिवाय तेथील बीजांडांची सुरुवात झालेली असते, ती पुढे वाढत नाहीत. हे फूल परागकण देऊन गळून पडते. बहार धरताना मादी कळी किती निघाली यावर आमचे सेटिंग, म्हणजे फळधारणा, ठरते. त्यामुळे ताण, छाटणी आणि खताचे नियोजन करताना प्रत्येकाचे डोळे त्या फुगीर बुडख्याकडे लागलेले असतात. सोलापूरजवळच्या केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तेव्हा फुलांविषयीचे शास्त्रीय तपशील पडताळायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

आता शब्दाविषयी. सरांनी सुचवलेले दोन्ही शब्द मला या फुलाला लागू पडत नाहीत असे वाटते. नर कळीतील स्त्रीकेसराला अंकुर म्हणावे, तर त्याचे पुढे काही होणार नाही. अवशेष म्हणावे, तर त्याच झाडावर, कित्येकदा त्याच फांदीवर, शेजारच्या कळीत तोच स्त्रीकेसर पूर्ण वाढून फळ धरतो आहे. जे शेजारी जिवंत आहे त्याला अवशेष कसे म्हणावे? शेतकरी अशा गोष्टीला 'खुंटलेला' म्हणतो. रोप लावले, लागले, आणि मध्येच वाढ थांबली की ते खुंटले. सुरुवात झाली होती आणि ती तडीस गेली नाही, हे दोन्ही त्या एका शब्दात येते.

आणखी एक उदाहरण हवे असल्यास मालदांडी ज्वारीच्या कणसाकडे पाहावे. तेथे कणिशके (कणसातील फुलांचे बारीक गुच्छ) जोडीजोडीने असतात. त्यांतील बिनदेठाच्या कणिशकात दाणा भरतो आणि शेजारचे देठाचे कणिशक नर तरी असते किंवा वांझ राहते. हुरडा खाताना ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

लय_आणि_ताल

विषयाच्या कडेची एक माहिती देतो. पाश्चात्त्य ढोलवादनात 'रुडिमेंट्स' ही नेमकी परिभाषा आहे. डाव्या-उजव्या हातांच्या ठरावीक आघातक्रमांना हे नाव असून अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ढोलवादकांच्या संघटनेने २६ क्रमांची यादी प्रमाण मानली आणि १९८४ मध्ये ती वाढवून ४० क्रमांची करण्यात आली. ड्रम शिकवणारे येथेही 'रुडिमेंट्स' असेच म्हणतात आणि तेथे मराठी शब्द लादण्याची गरज मला वाटत नाही.

सोलापुरात कन्नड आणि तेलुगू घरांतील मुले कर्नाटक संगीत शिकतात, त्यांचे पहिले पाठ 'सरळी वरसे' या नावाने ओळखले जातात. मायामाळवगौळ रागातील या पाठांची घडी पुरंदरदासांनी बसवली असे परंपरा मानते, आणि त्यांच्या रचनांवरील 'पुरंदरविठ्ठल' ही मुद्रा (रचनेत गुंफलेली कवीची खूण) आपल्या पंढरपूरच्या दैवताची आहे. येथे एक फरक नोंदवण्यासारखा आहे. वरील चर्चेत प्राथमिक धडे म्हणजे ओलांडून पुढे जाण्याची पायरी असे गृहीत धरलेले दिसते. वादनात आणि गायनात तसे नसते. मुरलेला तबलजीदेखील सकाळी 'तिरकिट' घोटतो. म्हणून शीर्षकासाठी 'प्राथमिक धडे' योग्य असले, तरी कलांच्या संदर्भात मी 'पायाचे पाठ' म्हणेन.

प्राणिशास्त्र_निवृत्त

बागायतदारांचा आक्षेप रास्त आहे आणि 'खुंटलेला' हा शब्द मी आनंदाने स्वीकारतो. त्याला जोड म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. अठराव्या शतकातील जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कोलरॉयटर यांनी नर आणि मादी फुले वेगळ्या झाडांवर येणाऱ्या एका वनस्पतीच्या नर झाडाचा संकर उभयलिंगी फुलांच्या जातीशी केला. नर फुलातील खुंटलेला स्त्रीकेसर संकरित पिढीत बराच मोठा झाला. डार्विन यांनी याचा दाखला देऊन असे दाखवले की, खुंटलेला आणि पूर्ण वाढलेला स्त्रीकेसर हे मुळात एकाच जातीचे अवयव आहेत. डाळिंबात तर हे सिद्ध करण्यासाठी संकराचीही आवश्यकता नाही, शेजारची कळी पुरेशी आहे.

तथापि 'खुंटलेला' हा शब्द सरसकट देवमाशापर्यंत नेऊ नये. खुंटणे ही त्या एका फुलाच्या किंवा प्राण्याच्या आयुष्यात घडणारी गोष्ट आहे, तर अवशेष होणे ही असंख्य पिढ्यांच्या इतिहासातील गोष्ट आहे. कधीकधी दोन्ही एकाच ठिकाणी आढळतात: वासराचा वरचा दात गर्भात खुंटतो आणि वंशाच्या दृष्टीने तो अवशेषही असतो. अशा वेळी लेखकाला त्या वाक्यात कोणती बाजू दाखवायची आहे हे पाहून शब्द निवडावा. गर्भाच्या वाढीचे प्रकरण असेल तर 'खुंटलेला', पूर्वजांचे प्रकरण असेल तर 'अवशेषांग'.

डार्विन यांनीही हा भेद करण्यातील अडचण मान्य केली होती. एखादा लहानसा अवयव वाढीला लागलेला आहे की ऱ्हासाला, हे नुसते त्याच्याकडे पाहून नेहमी सांगता येत नाही. त्यासाठी जवळच्या नातलग जाती पाहाव्या लागतात. म्हणून जेथे दिशा ठाऊक नसेल, तेथेच आणि तेवढ्यापुरता, तुमच्या गटाचा 'अविकसित' हा शब्द मला चालेल.

भाषांतरकार_सोलापूर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. गटापुढे ही चर्चा ठेवली. शीर्षकाला 'प्राथमिक धडे', गर्भाच्या प्रकरणात 'अंकुर', उत्क्रांतीत 'अवशेषांग', फुलांच्या वर्णनात 'खुंटलेला' आणि त्या एका वाक्यात 'जुजबी', असे ठरले आहे. एका संज्ञेला एक शब्द हा नियम बाकी सर्वत्र कायम आहे. विद्यार्थी पुढे इंग्रजी ग्रंथ वाचतील तेव्हा अडू नयेत, म्हणून शेवटच्या शब्दसूचीत 'रुडिमेंट' अशी नोंद करून तिच्यासमोर हे पाचही मराठी शब्द पृष्ठक्रमांकांसह द्यावेत, असे एका सहकाऱ्याने सुचवले आणि ते मान्य झाले.

एक शंका शिल्लक आहे. पपईच्या नर फुलातही असाच लहानसा स्त्रीकेसर असतो, पण तेथे बहुधा नर आणि मादी झाडेच वेगळी असतात. बागायतदारांनी सांगितलेली 'शेजारची कळी' तेथे नाही. अशा वेळी 'खुंटलेला' हाच शब्द ठेवावा का?

प्राणिशास्त्र_निवृत्त

ठेवावा. शेजारची कळी नसली तरी शेजारचे झाड आहे, आणि पपईत उभयलिंगी फुलांची झाडेही असतात. त्या फुलाच्या आकृतीखाली मात्र 'कार्य न करणारा स्त्रीकेसर' असे स्पष्ट लिहावे, कारण आकृती पाहणारा विद्यार्थी मजकूर वाचेलच याची खात्री नसते.